बेसचा अँप घडीघडी प्रोटेक्टला जातो? आधी सांगा, कधी जातो

गेल्या वर्षभरात आमचा बेसचा अँप, म्हणजे अँप्लिफायर, भर प्रोग्राममधे आठ-दहा वेळा तरी प्रोटेक्टला गेला असेल, म्हणजे लाल लाइट लावून स्वतःच बसला असेल, आणि दरवेळी स्टेजच्या मागून तोच आवाज, "भाऊ, अँप छोटा पडून राहिला, मोठा घ्या." मग घेतला ना मोठा. तोही गेला, उलट जास्त लवकर गेला. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की लाल लाइट तोच असला तरी दरवेळचं कारण वेगळं होतं आणि आपण दरवेळी एकच औषध देत होतो. हल्ली दोघंतिघं फोन करून हेच विचारतात म्हणून एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी लिंक फेकून मोकळा.

मी नागपुरात साउंड करतो, सेटअप काही फार मोठा नाही, चार टॉप (वरच्या आवाजाचे बॉक्स), चार डबल अठराचे बेस (एकात अठरा इंची दोन स्पीकर), अँपचे दोन रॅक आणि एक छोटा हाथी, म्हणजे टाटा एस गाडी. ऑर्केस्ट्रा, भीमगीतांचे प्रोग्राम, लग्नाचं संगीत, देवीचे नऊ दिवस, जे येईल ते.

तर कोणी फोन केला की मी पहिले "अँप कोणता" विचारतच नाही. विचारतो, जातो कधी? चालू केल्या केल्या जातो, की ढोलकीच्या थापेवर जातो, की चाळीस मिनिटं गुमान वाजून मग जातो? ह्या एका उत्तरात अर्धं काम होते. चालू करताना दोनतीन सेकंद लाल लाइट बहुतेक अँप दाखवतात, मग आतून टक आवाज येऊन लाइट विझतो, तो बिघाड नाही, अँप स्वतःला तपासून घेते तेव्हा. तो विझलाच नाही तर मग पुढचं वाचा.

चालू केल्या केल्या जात असेल तर अँप बंद करा, मागचे सगळे स्पीकॉन (स्पीकरच्या वायरीचे प्लग) काढा आणि रिकामा चालू करून पाहा. रिकामाही लाल राहिला तर बिमारी अँपच्या पोटात आहे, बहुतेक आउटपुटचे ट्रान्झिस्टर उडालेत आणि डीसी (एकाच दिशेचा करंट) बाहेर यायला पाहून राहिला, त्याला तिथं स्टेजवर काही इलाज नाही, घरी न्या. वर "एकदा बॉक्स लावून पाहू" असं चुकूनही करू नका, त्या डीसीनं स्पीकरची कॉइल जळते. पण रिकामा असताना लाइट विझला तर अँप निर्दोष आहे, चोर बाहेर आहे, वायरमधे नाहीतर बॉक्समधे.

इथं दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर लाखाचं काम करतो. आधी त्याचे दोन टोक एकमेकांना लावून किती दाखवते ते पाहायचं, ०.२ किंवा ०.३ दाखवेल, ते पुढं वजा करायचं. मग वायरीच्या अँपकडच्या टोकावर मोजायचं, बॉक्स जोडलेला ठेवून. ८ ओहमचा (ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा) एक स्पीकर मीटरवर ८ दाखवत नाही, साडेपाच ते साडेसहाच्या आसपास दाखवतो, कारण मीटर डीसीवर मोजतो, ८ हा गाण्याच्या सिग्नलवरचा आकडा. डबल अठराच्या बॉक्समधे असे दोन पॅरेलल असतात म्हणजे तो ४ ओहमचा बॉक्स, मीटरवर ३ च्या आसपास. तिथं ६ दिसले तर आतला एक स्पीकर मेलेला आहे आणि तुम्ही एका पायावर वाजवून राहिले. अन् ०.३ च्या आसपास दिसलं तर सरळ शॉर्ट.

आमचा शॉर्ट देवीच्या वेळी सापडला. सप्तमीच्या रात्री एक बेस लावला की अँप लाल, काढला की हिरवा, बॉक्स बदलला तरी तेच. वायर हलवली की मीटर कधी ३ दाखवे कधी ०.४. स्पीकॉन उघडला तर आत स्क्रूच्या खालून केसाएवढी एक तांब्याची तार बाहेर आलेली आणि शेजारच्या टोकाला जाऊन टेकलेली. वर्षभर ती तशीच होती, वायर सरळ लटकली की चाले, वाकली की शॉर्ट. म्हणून अधूनमधून व्हायचं आणि आम्ही म्हणायचो "आज लाइनच खराब आहे बाप्पा". त्या रात्री मंडपाच्या मागं गुडघ्यावर बसून चाळीस स्पीकॉन उघडले, सहामधे असे केस निघाले. आता वायर छिलल्यावर तारा घट्ट पिळून वर लग (धातूची टोपी) चेपूनच पिन लावतो, पाच मिनिटं जास्त लागतात, लागू द्या.

आता दुसरा प्रकार, थापेवर जाणारा. हा सगळ्यात जास्त दिसतो आणि लोक ह्यातच मोठा अँप घेऊन फसतात. गाणं हळू असलं की काही नाही, ऑक्टोपॅडची (इलेक्ट्रॉनिक ड्रमची) किक नाहीतर ढोलकीचा घुमारा आला की टक, बंद, दोन सेकंदांनी परत चालू, परत थाप, परत टक. आमच्या बाबतीत हे १४ एप्रिलला झालं, उत्तर नागपुरात भीमगीतांचा प्रोग्राम, समोर तोबा गर्दी, शिंदेशाहीचा आवाज लावणारा गायक आणि पहिल्याच कव्वालीला बेस गायब. पब्लिक ओरडून राहिली, आयोजकाचा चेहरा पाहवत नव्हता.

झालं काय होतं, आमच्या पोट्ट्यानं मला न विचारता अँपच्या मागचा स्विच ब्रिजवर टाकला. त्याला कोणीतरी सांगितलं होतं ब्रिज केलं की पॉवर डबलच्या वर जाते. जाते ना, पण कशावर? ब्रिजमधे दोन्ही चॅनल मिळून एकच बॉक्स ढकलतात, म्हणून प्रत्येक चॅनलला त्या बॉक्सचा अर्धाच ओहम दिसतो, आणि ओहम जितका कमी तितका अँपवर करंटचा ताण जास्त. ४ ओहमचा एक बॉक्स ब्रिजवर लावला म्हणजे प्रत्येक चॅनलच्या दृष्टीनं २ ओहम. आणि ह्यानं तर एका बॉक्सच्या मागून वायर काढून दुसरा बॉक्सही जोडला होता, म्हणजे २ ओहम ब्रिजवर, म्हणजे चॅनलला १ ओहम. त्याला विचारलं, "काऊन केलं बे असं?" तर म्हणते, "तुम्हीच म्हणले ना गर्दी जास्त राहीन." काय बोलणार.

अँपच्या मागं बारीक अक्षरात छापलेलं असते, स्टिरिओमधे कमीत कमी किती ओहम आणि ब्रिजमधे कमीत कमी किती. बहुतेकांचं ब्रिजला ४ च्या खाली चालत नाही, काहींचं ८ च्या. ते वाचून त्यावर मार्करनं मोठ्यानं लिहून ठेवा, मी लिहिलंय, "ब्रिज करायचं नाही, हात लावशील तर पगार कापीन". हिशोब सोपा आहे, ८ चे दोन म्हणजे ४, ८ चे चार म्हणजे २, ४ चे दोन म्हणजे २. २ ओहमवर चालतो असं कंपनी म्हणत असली तरी रात्रभर २ ओहमवर मी कोणताच अँप चालवत नाही, विशेषतः नागपूरच्या एप्रिलमधे. आणि २ ओहमवर वायरही पॉवर खाते. दीड एमएमची (म्हणजे १.५ चौरस मिमी, दुकानात दीडच म्हणतात) तीस मीटर वायर, जायचं-यायचं धरून साठ मीटर, तिचाच पाऊण ओहम होतो. २ ओहमच्या लोडवर पाऊण ओहम वायरमधे गेला म्हणजे बॉक्सपर्यंत जवळजवळ अर्धीच पॉवर पोचते. म्हणून रॅक मिक्सरपाशी ठेवून लांब स्पीकर वायर ओढण्यापेक्षा रॅक स्टेजच्या बाजूला, बेसच्या जवळ, आणि लांब फक्त सिग्नलची वायर.

ब्रिज काढला, एकएक चॅनलला एकएक बॉक्स लावला, वाजलं. पण अर्ध्या तासानं परत थापेवर जाऊ लागलं, फक्त ह्यावेळी मिक्सरचा लाइटही मिणमिणला. हे लक्षात ठेवा, थापेबरोबर स्टेजचे हॅलोजन जरासे डोळा मारत असतील तर ओहम सोडा, व्होल्टेज पाहा. रॅकच्या बोर्डावर मीटर लावला, शांत असताना २२१, किकवर १८८, आणि मीटर हळू असतो म्हणजे खरा झटका त्याच्याही खाली गेला असणार. जनरेटरपाशी जाऊन मोजलं तर तिथं २३० पक्के. मग मधले व्होल्ट गेले कुठं? मंडपवाल्याची एक एमएमची वायर, चाळीस-पंचेचाळीस मीटर, मधे टेपचे दोन जोड, आणि त्याच वायरवर पाहुण्यांसाठीचा मोठा कूलर आणि चार हॅलोजन. जोडावर हात ठेवला तर तवा.

दीड एमएम तांब्याचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण १२ ओहम. चाळीस मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन ऐंशी मीटर, जवळजवळ १ ओहम. अँपनं किकवर २० अँपिअर ओढले की २० व्होल्ट वायरमधेच राहिले, एक एमएम असेल तर त्याच्या दीडपट. तेच चार एमएमची वायर असेल तर सातेक व्होल्ट. म्हणून आता माझी स्वतःची चार एमएमची पन्नास मीटर वायर गाडीतच असते, महाग पडली, पण मोठ्या अँपच्या चौथ्या हिश्शातही आली नाही. मंडपवाल्याला सांगतो, दादा तुमची वायर तुमच्या लायटीला, मला जनरेटरच्या पॅनलवरून सरळ वेगळा फेज द्या, आणि त्यावर कूलर, लाइट कमीजास्त करायचा डिमर, चहावाल्याचं काही काही लावू नका. वायर गुंडाळी करून ठेवायची नाही, पूर्ण पसरवायची, गुंडाळलेली वायर आतून शिजते. इथं एक जुना ट्रान्सफॉर्मरवाला अँप आणि नवीन एसएमपीएसवाला (हलक्या इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लायचा) ह्यात फरक आहे. जुन्याचं व्होल्टेज पडलं की त्याची ताकदच पडते, लवकर फाटतो. नवीन चांगल्या अँपमधे पीएफसी (लाइनचं व्होल्टेज सांभाळून घेणारं सर्किट) असते, तो १८० वरही हसत वाजवतो पण त्यासाठी करंट जास्त ओढतो, मग जोड आणखी तापतो.

आणि प्लग लावायच्या आधी मीटरनं तिन्ही फेज न्यूट्रलशी मोजायचे, हे कितीही घाई असली तरी. थ्री फेज जनरेटरचा न्यूट्रल ढिला असला की एका फेजला १५० आणि दुसऱ्याला ३०० च्या वर येऊ शकते, मिक्सर, प्रोसेसर (मिक्सर आणि अँपच्या मधे सिग्नल आवरणारा डबा), अँप सगळ्यांचा एका दमात धूर. अर्थिंग नसेल तर बाहेर रॉड ठोकून मागा. स्पीकरमधे घूं आवाज येतो म्हणून प्लगची अर्थची पिन तोडणारे महाभाग आहेत आपल्यात, त्यांना मी गाडीत बसू देत नाही. गायकाच्या ओठाला माइकचा झटका बसलेला एकदा पाहा, मग पिन तोडायची हिंमत होणार नाही. घूं काढायचा असेल तर कीबोर्ड आणि लॅपटॉप डीआय बॉक्समधून (वाद्य आणि मिक्सरच्या मधला छोटा डबा) घ्या आणि त्याचं ग्राउंड लिफ्टचं (सिग्नलचं ग्राउंड तोडायचं) बटण दाबा, आवाज तिथंच मरतो.

तिसरा प्रकार, आरामात चाळीस-पन्नास मिनिटं वाजून बसणारा आणि पाचदहा मिनिटांनी आपोआप उठणारा. हा गर्मीचा. नागपूरचा मे महिना काय असतो हे बाहेरच्याला सांगून समजत नाही, दुपारी पंचेचाळीसच्या वर आणि रात्री नऊलाही सिमेंटच्या फरशीतून वाफ निघते. बऱ्याच अँपच्या पुस्तकात लिहिलेलं असते की ४० डिग्रीपर्यंत वापरा. आपली सुरुवातच तिथून होते.

हिंगणा रोडवरच्या एका लॉनमधे संगीत होतं, अँप अर्ध्यावरसुद्धा चालवत नव्हतो तरी गेला. मला वाटे फुल वाजवला तरच तापतो. तसं नसतं, जुन्या एबी क्लासच्या (जुन्या सर्किटच्या) अँपमधे सगळ्यात जास्त गर्मी फुलवर नाही, चाळीसेक टक्के पॉवरला होते, म्हणजे नेमकं आपण बहुतेक वेळ जिथं वाजवतो तिथंच. डी क्लासचा, म्हणजे नव्या स्विचिंगवाल्या सर्किटचा, त्यामानानं थंड चालतो. लॉनवाल्यानं मदत म्हणून मोठा कूलर आणून अँपच्या तोंडासमोर लावला. असं कधी करू देऊ नका. कूलरची हवा थंड लागते पण ओली असते, बारीक शिंतोडे येतात, आणि अँपचा पंखा ते सगळं आत ओढतो. साधा टेबल फॅन रॅकच्या मागून गरम हवा बाहेर फेकायला लावा, पुष्कळ झालं.

दुसऱ्या दिवशी घरी अँपच्या समोरची जाळी काढली. आतला स्पंज स्पंज राहिला नव्हता, नमदा झाला होता. वरचा थर निळा, जयंतीचा. त्याच्याखाली हळदीचा पिवळा, कुठल्या लग्नाचा ते आठवलं नाही. त्याच्याखाली गणपतीचा गुलाल, आणि सगळ्यात आत बोरीच्या सुतळीचे केस आणि झेंडूची एक सुकलेली पाकळी. थर पाहून वर्षभराच्या तारखा सांगता आल्या असत्या. बादलीत निरमा टाकून तीनदा पाणी बदललं तेव्हा मूळचा काळा रंग दिसला. पूर्ण सुकवून लावला, आणि पुढच्याच आठवड्यात त्याच गर्मीत अँप साडेतीन तास न थांबता चालला. त्या स्पंजसाठी मी दुसरा अँप घेतला होता. बायकोला अजून सांगितलं नाही.

रॅकमधे दोन अँप असतील तर हात लावून पाहा, कोणाचा पंखा कोणीकडे फेकतो. काही पुढून ओढून मागं फेकतात, काही मागून ओढून पुढं. एकाच बंद रॅकमधे दोन उलटे असले की एकाची गरम हवा दुसरा पितो. रॅकचं मागचं झाकण प्रोग्रामभर उघडं ठेवा, आणि पोट्ट्यांना सांगा की त्यावर दुपट्टे वाळत घालू नका.

आणखी एक, नऊ-साडेनऊनंतरच जाणारा. हा खास आपल्याकडचा. सन २००० च्या नियमांनुसार रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, बारापर्यंतची सूट सरकार देते ती वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. मग प्रोग्राम आठला सुरू होतो, भाषणं नऊला संपतात आणि सव्वानऊपासून सगळे एकदम जोश, गायक म्हणतो वाढवा, आयोजक म्हणतो वाढवा, मिक्सरचे सगळे फेडर (आवाज वाढवायचे सरकते दांडे) छताला. तेव्हा अँपचा क्लिपचा लाइट पाहा. थापेवर चमकून गेला तर चालते, सतत पेटून राहिला तर नाही. क्लिप म्हणजे लाट वरून खालून कापली गेली, पूर्ण चौकोनी झालेली लाट त्याच उंचीच्या गोल लाटेपेक्षा दुप्पट पॉवर देते, म्हणजे अँपही तापतो आणि बॉक्सची कॉइलही. टॉपचे एचएफ (बारीक आवाजाचे) ड्रायव्हर असेच जातात, आणि लोक म्हणतात ड्रायव्हर डुप्लिकेट होता.

अँपचा नॉब अर्ध्यावर ठेवला म्हणजे आपण सेफ, हाही गैरसमज. तो नॉब फक्त आत येणारा सिग्नल कमी करतो, मिक्सरवाल्यानं तेवढं वर ढकललं की अँप परत फुल. आवर घालायचा तर प्रोसेसरमधल्या लिमिटरनं, तो ठरवलेल्या हद्दीच्या वर सिग्नल जाऊ देत नाही. हिशोब एकदा करून ठेवा, आमचा डबल बेस ४ ओहम, सलग १००० वॅटचा, म्हणजे ६३ व्होल्ट. अँपचा गेन, म्हणजे आत आलेला सिग्नल किती वाढवतो ते, ३२ डीबी (डेसिबल) म्हणजे चाळीसपट. ६३ भागिले ४०, दीड व्होल्टच्या जरा वर. अँपच्या इनपुटला तेवढ्यापर्यंतच जाईल असा लिमिटर लावला, आणि खालून ३५ हर्ट्झचा हायपास (त्याच्या खालचा आवाज कापणारा फिल्टर), कारण त्याच्या खाली बॉक्स वाजत नाही, कोन फक्त बाहेर येतो. पासवर्ड टाकला. तेव्हापासून गायकानं कितीही म्हटलं तरी मी फेडर वर करतो, तो खूश, अँपही खूश.

आता घ्यायचा कोणता, तर वॅटचा मोठा आकडा पाहून घेऊ नका. दुप्पट वॅट म्हणजे फक्त ३ डीबी, कानाला "हो, थोडं वाढलं" इतकंच, दुप्पट मोठा वाटायला दहापट पॉवर लागते. बॉक्सवर तीन आकडे असतात, सलग, प्रोग्राम आणि पीक, प्रोग्राम हा सलगच्या दुप्पट आणि पीक चौपट, दुकानदार नेहमी तिसराच वाचतो. सलगच्या दीडपट ते दुप्पट अँप घ्या, आणि अँपचा आकडा तुमच्याच ओहमवरचा, दोन्ही चॅनल एका वेळी चालू असतानाचा पाहा. मी तर म्हणतो ४००० चा एक घेण्यापेक्षा २००० चे दोन घ्या, एक बसला तरी प्रोग्राम पुढं रेटता येतो. अहुजा कंपनीचे १०० व्होल्ट लाइनवाले (लांब वायरीवर पुष्कळ भोंगे चालवायचे) अँप भाषणाला, भोंग्याला, लांब लाइन टाकायला उत्तम आहेत, पण त्या १०० व्होल्टच्या टर्मिनलवर ८ ओहमचा बॉक्स सरळ लावायचा नसतो, एकदा एका भजन मंडळात लावलेला पाहिला, वेळेत काढला.

सेकंडहँड घेत असाल तर विकणाऱ्याच्या घरी पाच मिनिटं गाणं ऐकून पैसे देऊ नका. आपला ४ ओहमचा बॉक्स घेऊन जा, दोन्ही चॅनल आळीपाळीनं वीस वीस मिनिटं दणकून वाजवा, मागं हात लावून पाहा पंखा वेग वाढवतो की नाही, आणि नाक जवळ न्या. जळक्या वार्निशचा वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. आणि समोरची जाळी त्याच्याच समोर उघडायला सांगा.